दादाचे कान आणि चार ओहमचे स्पीकर

माझ्या थोरल्या भावाला मी सांगितलं की त्याचे कान गेले आहेत. ते गेले नव्हते. मी निवडून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर कमी पडत होता, आणि हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी दोन वर्षं गप्प बसलो. निवड करताना झाली ती चूक होती. नंतर मी जे केलं त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं होईल.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. कळवणकडच्या आमच्या गावातून तो आधी बाहेर पडला, नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागला आणि त्याच्या पगारावर माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला. तेव्हापासून घरातला शिकलेला मी. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेला माल तपासायचा आणि कमी भरला तर बाजूला काढायचा, हे माझं काम. दादाला त्याचं फार कौतुक. मिक्सर घ्यायचा असो की इन्व्हर्टर, तो दुकानदाराला म्हणायचा, "थांबा, धाकल्याला विचारतो."

नाशिकरोडला त्याच्या कॉलनीत भजनी मंडळ आहे. तिथे तो पखवाज वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. ती किती लावायची, मध्ये किती आणि कडेला किती, यावर तो खालचा, पोटातून येणारा 'धुम' ठरतो. शनिवारी वहिनी कणीक मळायला बसली की दादा परातीतून आपला गोळा आधी काढून घ्यायचा. "या घरात पहिला घास पखवाज खातो," असं वहिनी आल्यागेल्याला सांगायची. तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त असे.

निवृत्त झाल्यावर दादाने आयुष्यातली एकच चैन केली. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातले म्हातारे गृहस्थ मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांचे दोन मोठे स्पीकर त्याने विकत घेतले. छातीएवढे उंच, एकेक उचलायला दोन माणसं. मंडळाने एका छोट्या स्टुडिओत भजनांची सीडी केली होती, तीत पखवाज दादाचा होता. आपला हात एकदा नीट, घरात बसून ऐकायचा, एवढीच त्याची इच्छा. स्पीकरांच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर लिहिलं होतं, चार ओहम.

ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. तो जितका कमी, तितका स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढतो. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि समजणं यात अंतर असतं, ते जुन्या नाशकातल्या एका मेकॅनिककाकांनी मला दाखवायचा प्रयत्न केला. मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर हाताने बांधणारा हा माणूस. दादाच मला त्यांच्याकडे घेऊन गेला होता. काकांनी स्पीकरचे फोटो पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"माल भारी आहे. पण खादाड. चार लिहिलंय, खर्जात तीनच्या खाली उतरेल. याला वॅट नका दाखवू, करंट द्या. मी बांधून देतो. जड होईल, सांगून ठेवतो."

मी फोनवर एका चकचकीत होम थिएटर रिसिव्हरचं, म्हणजे तयार मिळणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं, चित्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "एका बाजूला शंभर वॅट देतो हा. पुरे की."

"कितीला शंभर?"

"म्हणजे?"

"आठ ओहमला शंभर. चारला किती, ते कुठं लिहिलंय? चारला जो जवळपास दुप्पट देतो तो खरा गडी. बाकी सगळं लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखं असतं, साहेब. छापायला काय जातंय?"

दादा हसला. तो हसला, हेच मला लागलं.

"काका म्हणत्यात त्यात तथ्य हाय," दादा म्हणाला. "गावाकडं नाय का, लाईट डिम असली की विहिरीवरची मोटर नुसती गुरगुरती, पाणी काय वर चढत नाय."

"दादा, ती मोटर. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे," मी म्हणालो. परक्या माणसासमोर, अशा सुरात, की जणू त्याने बालवाडीतलं काही विचारलं. आयुष्यभर विजेत काम केलेल्या माणसाने लगेच मान डोलावली. "धाकला म्हणतो तसं करू."

रिसिव्हर आला. मी स्वतः वायरी जोडल्या. सीडी सुरू झाली, भजन चढायला लागलं, पखवाज द्रुत लयीत शिरला आणि टक् असा आवाज होऊन सगळं बंद पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा त्याच जागी टक्. मी रिसिव्हर वळवून मागचं लेबल पाहिलं. दादाने टॉर्च धरला होता. बारीक इंग्रजीत छापलं होतं, सहा ते सोळा ओहमचेच स्पीकर जोडावेत.

"काय लिहिलंय?"

"सीरियल नंबर," मी म्हणालो.

मग मी सेटिंगमध्ये जाऊन कमी ओहमचा पर्याय निवडला. त्याने अ‍ॅम्प्लिफायरला बळ येत नाही. उलट तो तापू नये म्हणून त्याला लगाम बसतो. रिसिव्हर आता बंद पडेना. पण दादा मात्र मान तिरकी करून ऐकत राहिला.

"गाणारा येतो. टाळ तर लख्ख येत्यात. पेटी येते. माझा धुम कुठंय?"

"रेकॉर्डिंगमध्येच कमी असेल."

"नाय रे. त्या दिवशी मी तिथं कानाला लावून ऐकलाय. पोटात बसत होता."

तेव्हा मी बोललो. "दादा, खरं सांगू? इतकी वर्षं तू मशीनच्या आवाजात काढलीस. तुझे कान थोडे गेले असणार."

वहिनी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. दादाने कानाच्या पाळीवरून बोट फिरवलं. "असंल," तो म्हणाला.

गोंगाटाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात, खर्ज नव्हे, हे मला माहीत होतं. आणि टाळ लख्ख ऐकू येत आहेत, असं तो माणूस आपल्या तोंडाने सांगत होता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने कान उत्तम असल्याचं सांगितलं. दादाने ते मानलं नाही. "डॉक्टरला काय, तो सगळ्यांनाच बरं सांगतो. धाकला उगाच बोलायचा नाय."

त्यानंतर जे झालं ते मी पाहत होतो. आपल्याला धुम कमी ऐकू येतो असं धरून दादा डाव्या पुडीला कणीक जास्त लावू लागला. जास्त जोराने मारू लागला. एका शनिवारी पेटीवाले गुरुजी थट्टेने म्हणाले, "अहो, भजन आहे की ढगफुटी? आमचा आवाज वाहून चालला!" सगळे हसले, दादाही हसला. घरी आल्यावर मला म्हणाला, "मला तर अजून कमीच वाटत होता रे." त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला होता. हात, ताल, सगळं जागेवर होतं, पण विश्वासाशिवाय साथ करता येत नाही. चार महिन्यांत त्याने मंडळ सोडलं. चुकीची साथ देऊन दुसऱ्याचं भजन बिघडवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, म्हणाला.

पखवाज गावच्या देवळात द्यायचं ठरलं. माझ्याच गाडीतून आम्ही निघालो. दादाने तो मागच्या सीटवर ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला. दिंडोरी गेली, वणी गेली. वाटेत तो एकदाच बोलला, "गावातलं पोरगं शिकंल कुणी तरी यावर." माझ्या तोंडाशी आलं होतं. कळवण जवळ येईपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होतो. मग देऊळ आलं, पुजारी बाहेर आले आणि मी डिकीतून नारळ काढून दिला.

का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. पैशांचा प्रश्न नव्हता, दादाने कधी विचारलंही नसतं. ज्याने मला शिकवलं त्याच्यापुढे अडाणी ठरायची भीती, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्याला बहिरा ठरवलं.

मागच्या हिवाळ्यात दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, काठी घेऊन चालू लागला. डावा हात परत आला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मला एकच गोष्ट कळत होती. वाजवण्याजोगी त्याची जी शेवटची दोन वर्षं होती, ती मी रिकामी घालवली होती.

तो घरी आल्यावर मी मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. "काय साहेब, पदव्या उतरल्या का?" मी चार ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर बांधून मागितला. पंधरा दिवसांत त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बांधून दिला. काळा, ओबडधोबड, दोन हातांनीही जड जाणारा.

रविवारी सकाळी मी तो दादाकडे नेऊन जोडला. दादा खुर्चीत बसला होता, वहिनी भाजी निवडत होती. सीडी लावली. पहिल्याच आवर्तनात धुम आला. भिंतीतून आल्यासारखा, गोल, भरलेला. दादाने डोळे मिटले. त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर चालू लागला. डावा मांडीवर तसाच पडून होता.

मग त्याने डोळे उघडले आणि लहान मुलासारखा ओरडला, "अगं, ऐकलंस का? कान परत आले! आला बघ धुम!"

"तरी मी म्हणतच होते," वहिनी मेथीची जुडी हातात घेऊनच उठली. "नवीन गोळ्यांचा गुण आलाय, भाऊजी. डॉक्टरांना सांगा बरं."

दोघं इतकी खूश होती. मी मान हलवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. मला कुणी कधीच काही विचारलं नसतं. मी उठून आवाज बंद केला.

"दादा, कान परत नाही आले. ते गेलेच नव्हते. मी दिलेलं यंत्र या स्पीकरांना पुरत नव्हतं. काका खरं सांगत होते, तूही खरं सांगत होतास."

दादा माझ्याकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग पखवाज द्यायला निघालो तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

वहिनीच्या हातातली मेथी तशीच राहिली. दादाने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि जवळ ओढून घेतला. मी त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो.

"दादा, यंत्र निवडण्यात चुकलो ते मला कळत नव्हतं म्हणून. पण तुझे कान गेले, हे मी जाणूनबुजून खोटं बोललो. तुझ्यापुढे कमी पडलो हे तुला कळू नये म्हणून बोललो. तुझं वाजवणं माझ्यामुळे बंद झालं, आणि ती वर्षं मला तुला परत देता येणार नाहीत. माफी मागायलाही मी उशीर केला. तरी मागतो. मला माफ कर."