दोनदा दाबलेली कळ

माझा मोठा भाऊ आंधळा आहे, पण कुणी मदत केलेली त्याला खपत नाही. पेटी वाजवून पोट भरतो. रेकॉर्डिंगसाठी त्याच्याकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे. पडद्यावर जे येईल ते आतली बाई घडाघडा वाचून दाखवते. तिचं सगळं ऐकतो, माझं एक ऐकत नाही.

मावशीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. दादाला पेटी शिकवली ती मावशीनंच. तिनं स्वतः बांधलेलं एक गाणं कुठेच रेकॉर्ड केलेलं नव्हतं. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ते करायचं ठरलं.

"मी पडद्याकडे बघत बसते," म्हटलं.

"तुझ्या बांगड्या वाजतात. बाहेर थांब."

यंत्रातल्या बाईचा आवाज गाण्यात नको, म्हणून त्यानं तिलाही गप्प केलं. मग कळ दाबली. सुरू झालं का? कळेना. म्हणून पुन्हा दाबली. तेवढ्यात मावशीनं सूर लावला. आता तिला थांबवायचं कसं? गाणं संपल्यावर त्यानं तीच कळ तिसऱ्यांदा दाबली.

मावशीला दाखल करून संध्याकाळी आम्ही ऐकायला बसलो. यंत्रातून मावशीचा आवाज आला.

"झालं ना रे? मधे खोकला आला, तेवढा काढून टाक. अगं, आत ये आता, बाहेर काय उभी राहिलीस!"

पुढे कपबशांचा आवाज. बस्स.

"गाणं कुठे गेलं?" दादानं मलाच विचारलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग बंद पडलं आणि तिसऱ्यांदा सुरू झालं, हे उमगायला आम्हाला तासभर लागला. मला त्याचा भयंकर राग आला होता. रडूही येत होतं. आधी काय करावं तेच सुचेना.

ऑपरेशननंतर आठवडाभर मावशीला बोलायची बंदी होती. ती कागदावर लिहायची, मी दादाला वाचून दाखवायची. पहिलाच प्रश्न होता, गाणं कसं आलंय?

दादानं खाली मान घालून सगळं सांगितलं. मावशीनं कागद पुढे ओढला. रागावली की काय, मला अंदाज येईना. मग तिनं लिहिलं, "तू म्हण."

"मी? मी वाजवतो मावशी, गात नाही."

तिनं त्याच शब्दांखाली जोरात रेघ ओढली. मी तेही सांगितलं.

दादा गाऊ लागला. दुसऱ्याच ओळीत सूर घसरला. मावशीनं पलंगावर थाप मारून त्याला थांबवलं आणि पहिल्यापासून म्हणायला लावलं.