शब्बाथची सही

इथे आखातात, अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चटई टाकून मी दर शनिवारी सात पोरांना हिब्रू प्रार्थना शिकवत असे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे यहुदी. वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. त्या दिवशी काम नाही, चूल पेटवणं नाही आणि लिहिणं तर मुळीच नाही. शब्बाथला गाडीत बसणंही वर्ज्य, पण शारजाहून एक मुलगी गाडीतून यायची, तिकडे मी काणाडोळा करायची. पण पेन्सिलीला कुणी हात लावलेला मला खपत नसे. सगळं तोंडी. रविवारी लिहायला शिकवलं असतं, पण रविवारी यांच्या आयांना मॉल सुचतो, त्याला मी काय करणार?

मग बिल्डिंगवाल्यांनी सांगितलं, घरात वर्ग चालवता येणार नाही. बाहेर खोली घ्यायची तर भाडं आमच्या आवाक्याबाहेर. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात लेकाने बातमी आणली, की धर्मशिक्षणाच्या छोट्या वर्गांना सरकार जागेसाठी मदत देणार आहे. अर्ज त्यानेच ऑनलाइन भरला. वर्गाची वेळ विचारली तेव्हा मी सांगितलं, शनिवार, सकाळी दहा. तपासणीलाही त्याच वेळी येतील हे डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

तपासणीला आली ती इथलीच एक तरुण अरब अधिकारी, अबाया घातलेली, फार गोड. दारात चपला काढल्या. पोरांनी एका सुरात शेमा, आमची मुख्य प्रार्थना, म्हटली तेव्हा ती "माशाल्ला" म्हणाली आणि मला वाटलं, जिंकलो. मग तिने टॅब पुढे केला. तपासणी झाल्याची सही.

मी म्हटलं, "आज मी लिहीत नाही. उद्या चालेल?"

तिला वाईट वाटलं. फाइल आजच बंद होणार होती. "मॅडम, पेन नहीं, सिर्फ उंगली," ती समजावत म्हणाली.

लेक कानाशी पुटपुटला, "आई, यल्ला, कर ना. बोटच तर फिरवायचंय! नाहीतर खलास."

पोरं टकामका बघत होती. खोलीची मदत हातची गेली तर यांना शेमा कोण शिकवणार, एवढंच माझ्या मनात होतं. मी बोट फिरवलं. सही वेडीवाकडी आली. ती निघून गेल्यावर मी पोरांना काहीच समजावलं नाही. लाज वाटली, खरं सांगते.

तीन आठवड्यांनी ईमेल आला. अर्ज फार, निधी थोडा, क्षमस्व. त्यांना काय बोल लावायचा?

वर्गाच्या शेवटच्या शनिवारी तिघंच आली. प्रार्थना संपल्यावर शारजाची मुलगी बापाच्या मोबाइलवर बोटाने मासा काढत बसली होती. मी म्हटलं, "शब्बाथ आहे ना गं! ठेव तो."

तिने मान वर केली नाही. "इट्स ओन्ली फिंगर, आजी. यू ऑल्सो डिड."

मला तिला रागावता येईना. दोन वर्षं तिला घोकून घोकून इतकं शिकवलं, त्यातलं एवढंच तिने न चुकता करून दाखवलं.