टँकरच्या जागेवरचं जेवण

पैठणवालीचं बोलणं मधेच तुटलं. तोंड उघडं होतं आणि दोन्ही हातांनी तिनं टेबलाची कड धरली होती. मक्याच्या वाळक्या पापडाचा तुकडा आत गेला होता. खोकला नाही, आवाज नाही, काही नाही.

आपा हसली. "कौन याद कर रा गे तेरे को? बुढ्ढा ऊपर से बुला रा क्या?"

पैठणवालीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मीही हसले. आमच्यात ठसका लागला की कुणीतरी आठवण काढली म्हणतात, टाळूवर थापटतात आणि वर बघायला लावतात. मी उठले, तिच्या टाळूवर थापटलं. म्हटलं, "वर बघ, वर बघ. पंख्याकडं बघ."

तिनं बघितलं. एरवी माझं कधी ऐकत नाही, तेव्हा ऐकलं. मान मागं टाकली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या आणि ओठ जांभळे पडायला लागले. ठसका लागलेलं माणूस खोकतं. ही खोकत नव्हती.

आम्ही त्या हॉटेलात कशाला गेलो होतो ते सांगते.

क्रांती चौकाच्या मागल्या अंगाला, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, एक मोकळा प्लॉट होता. आधीच्या दुष्काळात पाण्याचा टँकर तिथं थांबायचा. आमची तिघींची ओळख तिथलीच. मी सोयगावकडची, माहेर मेंढरं राखणारं. ती पैठणची, एवढ्या मोठ्या धरणाच्या काठची, आणि इथं येऊन घागरभर पाण्यासाठी भांडायची. आपा पलीकडच्या गल्लीतली. तिची घागर कुणी मागं सरकवली तर साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. पहिल्याच दिवशी आपा आणि मी एकमेकींच्या अंगावर धावून गेलो. पैठणवाली सोडवायला मधे पडली, आणि आम्ही भांडतोय तोवर तिनं आपली घागर पुढं नेऊन भरून घेतली. आधी आम्ही दोघींनी तिला शिव्या दिल्या, मग तिघी हसलो. ते तिथून सुरू झालं.

पुढं पाऊस बरा झाला, टँकर बंद झाला, प्लॉट विकला गेला. शहर आमच्या दारावरून पुढं गेलं. दुसरा दुष्काळ आला तेव्हा त्या जागेवर चार मजले उभे होते आणि खालच्या गाळ्यात मेक्सिकन जेवणाचं हॉटेल. मेक्सिको कुठं आहे ते मला आजही माहीत नाही. लांब आहे एवढं कळलं.

पैठणवालीची सून एकदा तिथं जेवून आली होती. सासूनं विचारलं, काय असतं गं तिथं? ती म्हणाली, "आई, तुम्हाला नाही जमायचं तिथलं." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पैठणवाली माझ्या दारात.

"आक्का, ज्या जागी आपण चिखलात उभ्या राह्यलो, तिथं एकदा खुर्चीवर बसायचं."

"आणि खायचं काय?"

"देतील ते. आपण मिलो खाऊन जगलो, हे काय मारतंय आपल्याला?"

मिलो म्हणजे लाल ज्वारी. मी पोरगी होते तेव्हाच्या मोठ्या दुष्काळात रेशनवर मिळायची. भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही.

आपाला विचारलं तर ती म्हणाली, "मैं आती. पन गोश्त नक्को. किधर का है, कैसा है, कौन पूछते बैठेगा?"

दुपारचं गेलो. आत गार होतं. भिंतीला लाल, पिवळा, हिरवा असा सगळा रंग एकदमच लावलेला. मी चौथी शिकलेली, मराठी नीट वाचते, पण तिथलं कार्ड इंग्रजीत होतं. हॉटेलवाला स्वतः आला. टक्कल पडलेला, पोटावर फडकं बांधलेला, आमच्याच बाजूचा माणूस. मी म्हटलं, "बाबा, मक्याचं आणि भाजीचं जे असंल ते आण. मांस नको." तो हसला नाही. ते मला बरं वाटलं.

पाणी अर्धा अर्धा ग्लास आलं. त्या उन्हाळ्यात बऱ्याच हॉटेलांत तसंच देत. कुणी तक्रार करत नव्हतं, आम्ही तर नाहीच. पैठणवालीनं पिशवीतून बाटली काढली आणि आपला ग्लास तिच्यात ओतून घेतला.

"अगं, पी की आधी," मी म्हटलं.

"दारातला कढीपत्ता वाळायलाय. मी काय, घरी जाऊन पीन."

"कोरडं कोरडं खाशील?"

"व्हय. तू जेव तुझं."

आम्हा सगळ्यांनाच ती सवय होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा बायका उरलेलं पाणी बाटलीत भरून न्यायच्या. पण उरलेलं. ही आधीच भरून बसली.

खायला आलं ते सगळं ओळखीचं निघालं. मक्याची भाकरी कडक करून मधे दुमडलेली, तिच्यात घेवड्याचे दाणे आणि कांदा. टमाट्याची कच्ची चटणी. आंबवलेली मिरची, नुसतीच आंबट. शेजारी मक्याचे तिकोनी पापड, कडक. आपा म्हणाली, "ये तो अपनाच है. बस, भाव परदेस का." मला घेवडा आवडला. मीठ कमी होतं.

पैठणवालीनं चटणीला हात लावला नाही, नुसते पापड खात सुटली. वरची कवळी बसवलेली, तिनं कडक चावायचं नसतं. तोंड भरलेलं आणि त्यातच सुनेची नक्कल चाललेली. "आई, तुम्हाला नाही..." म्हणाली आणि तिथंच तुटलं.

ते वर सांगितलं.

हॉटेलवाला पाण्याचा जग घेऊन पळत आला. "आजीला पाणी पाजा, पाणी पाजा!"

मी म्हटलं, "ठेव तिकडं." तिच्या नाकातोंडातून वारा जात नव्हता, पाणी कुठं जाणार? मला कोकरू आठवलं. बाभळीची शेंग नरड्यात अडकली की बाप त्याला मागच्या पायांना धरून उचलायचा, डोकं खाली करायचा आणि पाठीवर थापा मारायचा. वर बघ म्हणत नव्हता. पैठणवालीला उचलणं माझ्या बापालाही जमलं नसतं. मी तिला खुर्चीतून ओढली, खुर्चीच्या पाठीवरून पालथी वाकवली आणि आपाला ओरडले, "मान खाली दाब!"

आपा रडत होती. "मर जाएगी वो!"

"दाब म्हणते ना!"

तिनं दाबली. मी तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दोन खांद्यांच्या मधे मारायला लागले. नुसतं थोपटणं नव्हे, मारणं. हॉटेलातली माणसं उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, अहो, म्हातारीला मारताय काय. मी मारत राहिले. तिचे गुडघे वाकले, अंग जड झालं. मला वाटलं, गेली.

मग कवळी पडली फरशीवर. तिच्या मागून तुकडा पडला, बोटाच्या पेरापेक्षा लहान. आणि जुनं दार उघडावं तसा आवाज करत तिनं श्वास घेतला.

पहिला श्वास आत गेला तसा तिनं पदर तोंडावर ओढला. दात नव्हते ना. मरता मरता वाचली आणि आधी लाज झाकली. मग त्या पदरातून म्हणाली, "आक्का, बरगडी मोडलीस माझी."

आपा खाली बसली. "मैं हँस री थी," एवढंच म्हणत राहिली. "वो मर री थी और मैं हँस री थी."

"मी पण हसले," मी म्हटलं. "ऊठ. कवळी उचल तिची."

आपानं कवळी उचलली, धुवायला नेली. हॉटेलवाल्यानं जग टेबलावर ठेवला, पूर्ण भरलेला. पैठणवाली ग्लासभर पाणी घोट घोट प्यायली, मग आणखी एक ग्लास. अर्धा ग्लास पाण्याच्या त्या दिवसांत त्यानं जग आमच्यासमोर तसाच राहू दिला. हे मी विसरले नाही.

निघताना तिनं बाटली चाचपली. पाणी तसंच होतं. मी म्हटलं, "अजून ते कढीपत्त्याला घालणारेस?"

"मग काय तुला घालू?"

सुनेला काही सांगायचं नाही, असं तिनं आम्हाला बजावलं. पाठीवरचे वळ सुनेनंच बघितले आणि शेक दिला. काय झालं ते तिनं विचारलं नाही. त्या सुनेला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही.

तेव्हापासून आमच्या तिघींच्या घरांत कुणाला ठसका लागला तर आम्ही वर बघ म्हणत नाही. खोकू देतो. खोकला नसेल तर वाकवतो.

आपा दोन पावसाळ्यांनंतर गेली, तिच्या साखरेनं. कढीपत्ता तर त्या जेवणाच्याच उन्हाळ्यात वाळला. पैठणवाली जगली.