आधी आई

मी परभणीत मुलींचं वसतिगृह सांभाळते. आमच्या कॉलेजातली एक मुलगी सुट्टीत गावोगाव फिरून बारावी झालेल्या पोरींना पुढं शिकायला आणते. शिक्षणाचं महत्त्व ती कुणाला सांगत नाही. आधी आईला इथं आणते, "बघून घ्या" म्हणते आणि जिन्यात बसून शेंगदाणे खाते. आया न्हाणीघराच्या कड्या लावून बघतात, वरण चाखतात आणि माझा नवरा काय करतो ते विचारतात.

परवा पालमची एक आई डोळे बारीक करून नियमांची पाटी वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "पोरीला ठेवते. माझ्यासारखीला घेतेत का?"

मला हसू आलं. त्या मुलीनं शेंगदाणे बाजूला ठेवले.

"शाळा किती झाली, मावशी?"

"चवथी."

"मग आधी दहावी करावी लागंल. रविवारी पालमला येते. तवर चष्मा करून घ्या."