शेणाची बादली आणि पांढऱ्या भिंती

आमच्या बेटावर डोंगराच्या उतारावरचे डास केवढे होते म्हणाल, तर दारात आले की आधी बसायला खुर्ची मागत. नसेल पटत तर सोडा. पण त्यांनी माझ्या तीन वर्षांच्या पोरीला दोनदा इस्पितळात घातलं, हे मात्र खरं. मलेरियाच्या त्या तापात तिच्या पोटावर रोटी टाकली असती तर टम्म फुगली असती! दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "पोरीच्या अंगात रक्तच उरलं नाही. पुन्हा ताप आला तर मी काही सांगू शकत नाही. ताप नसला तरी गोळ्या सांगितल्या तशा द्या. आणि भिंतींवर औषध फवारतील, त्याला हात लावू नका. डास भिंतीवर टेकला की तिथंच संपतो."

फवारणीवाले आले आणि आमच्या शेणामातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ सोडून गेले. गोळी मी केळ्यात कुस्करून भरवायची. पहिली तिनं थुंकली ती थेट लांबच्या क्युरपिप शहरात जाऊन पडली असावी; घरात तरी सापडली नाही. मग दुसरं केळं, दुसरी गोळी. मी हटणारी नव्हतेच.

अडलं ते गणपतीपाशी. आम्हा मराठ्यांच्या घरी गणपती यायच्या आधी भिंती सारवायच्याच. त्यात वरच्या थंड भागातल्या व्हाकोआहून नणंद येणार होती. तिचा नवरा सरकारी कारकून, त्यामुळे तिला आमच्या घरात धूळ फार दिसायची. सासूबाईंनी सकाळीच बादलीत शेण कालवलं.

"आई, सारवलंत तर औषध खाली दबेल. पोरगी पुन्हा तापेल."

"आता कुठला ताप नि कुठला लाफियेव गे? बघ कशी नाचतेय!"

"दाक्तर म्हणाला—"

"दाक्तराच्या घरी गणपती बसतो का? ह्या भिंती बघून लेक म्हणेल, आईनं घरात बगळे पाळलेत."

पोरगी खरंच नाचत होती, तेच तर वाईट. सासूबाईंच्या हातातली बादली उसाच्या गाडीचे बैल जुंपले असते तरी सुटली नसती. मी वाद सोडला, घागर उचलली आणि नळावर गेले.

नळावर बायकांना म्हटलं, "आमच्या भिंतीवर कसलं औषध मारलंय! काल एक डास गाणं म्हणत आत आला, दुसरी ओळ काही त्याला म्हणता आली नाही. आणि आमच्या आई! नातीसाठी यंदा भिंतीला बोट लावू देत नाहीत. एवढी अक्कल सगळ्या गावात आहे कुणाला?"

घागर भरून मी परतते तोवर निम्मं गाव आमच्या दारात. सासूबाईंचा शेणाचा हात हवेतच राहिला.

"मावशी, तुम्ही यंदा सारवणार नाही म्हणे? नातीसाठी? धन्य बाई तुमची!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं दूध नासलं असतं. मग बादली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मग काय! सणाला काय, पुढल्या वर्षी सारवू. पोर आधी." आणि सगळं शेण अंगणात सारवलं.

नणंद आली ती उंबऱ्यातच थबकली. "आयो, आई! भिंती अशाच?"

"तुमच्या व्हाकोआत थंडीनं डास गारठतात, म्हणून तुमच्या भिंती गुळगुळीत," सासूबाई कडाडल्या. "टेकू नकोस तिथं! औषध जाईल."

त्या दिवसापासून भिंतींना राखण बसली. आरतीला जमलेल्या माणसांना त्या चुलीतल्या लाकडानं मागे सारायच्या. गोळीच्या वेळी केळं सोलून माझ्याआधी उभ्या!

विसर्जन झालं, गोळ्या संपल्या, तरी पोरीचं अंग काही पुन्हा तापलं नाही. रक्त तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरनं तिचं बोट धरलं, आणि तिनं त्याचा अंगठा असा चावला की तो टेबलाभोवती नाचला. सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, "दाक्तर, आता रक्त कशाला बघता? जबडा बघा!"

त्यानं तरीही रक्त बघितलं. मलेरिया नव्हता.