सारजाबाईंच्या हातचं पाणी

सारजाबाई आमच्या पुंडलिकनगरात दिसल्या की लोक समजून चुकायचे, कुणाच्या तरी घरी आता औषधाचा उपयोग राहिलेला नाही. मोठ्या दवाखान्यानं "घरी न्या" म्हणून सांगितलेल्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळायचं, हे त्यांचं नर्सपण. आमचे फॅमिली डॉक्टर पाटोदेकर सकाळी स्कूटरवर येऊन नाडी बघायचे, घरच्यांना धीर द्यायचे आणि जायचे. जखमा धुणं, कूस बदलणं, कळा थांबवायचं इंजेक्शन देणं, हे सगळं सारजाबाईंकडे. "या माझा उजवा हात आहेत," असं डॉक्टर चारचौघांत सांगायचे. उजव्या हाताला घरोघर चहा मात्र वेगळ्या कपात मिळायचा, ते डॉक्टरांना कधी दिसलं नाही.

बाई मूळच्या कन्नडकडच्या. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि खेड्यापाड्यांत वस्त्या पेटल्या, त्यात त्यांचं घर गेलं. भाऊ वाळूजला कंपनीत लागला, तेव्हापासून दोघं बजाजनगरात एका खोलीत राहात होती. गावाचं नाव काढलं की बाई विषय बदलायच्या.

आमच्या शेजारचे आप्पासाहेबही कन्नडकडचेच, पण गावाच्या दुसऱ्या टोकाचे. जमीन, बैलबारदाना, शब्दाला वजन. मुलगा पुंजाराम वाळूजला नोकरीला, म्हणून म्हातारपणी शहरात आले आणि अन्ननलिकेचा कॅन्सर घेऊन खाटेवर पडले. डॉक्टर सारजाबाईंना घेऊन आले त्या दिवशी मी तिथंच होते. आप्पासाहेबांनी बाईंचं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि मग आपला कायदा सांगितला.

"सुई टोच, अंग पूस, माझं काय म्हणणं नाय. पाणी मात्र घरच्याच हातचं."

आता गंमत बघा. या आजारात तोंड सारखं कोरडं पडतं. घोट गिळवत नाही, म्हणून ओला कापूस ओठांत धरून थेंब थेंब सोडावे लागतात, दर थोड्या वेळानं. मळमूत्र काढणारे हात चालत होते, थेंब सोडायला चालत नव्हते. आप्पासाहेबांचे ओठ हलले की बाई दारात येऊन हाक मारायच्या, "वहिनी, पाणी." सून कणीक मळत असली की हात धुऊन येईपर्यंत म्हातारा जीभ बाहेर काढून पडलेला. पाण्याचा तांब्या उशाशीच होता, सारजाबाईंच्या कोपराला लागेल इतका जवळ.

बाईंनी डॉक्टरांना सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या घरात त्यांचं चालू द्या, आपलं काम वेदना थांबवण्याचं.

"तहान वेदनेत धरत नाय का, डॉक्टर?" बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी स्कूटरला किक मारली.

चौऱ्याण्णवची संक्रांत आली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा सोळा वर्षं अडलेला निर्णय लागणार होता आणि शहरात चौकाचौकांत पोलीस उभे होते. पुंजाराम पहिल्या पाळीला गेला तो तिकडेच अडकला. कंपनीच्या बसगाड्या बंद झाल्या होत्या. दुपारी आप्पासाहेबांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, हिरवं लुगडं नेसलं, सुगडं घेतली आणि सुनेला सोबत घेऊन मंदिरात वाण द्यायला गेल्या. सवाष्ण म्हणून ही आपली शेवटची संक्रांत, हे त्यांना कळत होतं. त्यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही.

घरात सारजाबाई आणि आप्पासाहेब दोघंच उरले. थोड्या वेळानं श्वास लांबायला लागला. ओठ हलले. बाई सवयीनं दाराशी गेल्या, गल्लीत डोकावल्या आणि परत आल्या. वहिनी येतीलच, असं त्यांनी सांगितलं. आप्पासाहेबांनी नाही अशी मान हलवली. तांब्याकडं बघितलं, मग बाईंकडं.

"तू दे," ते म्हणाले.

बाईंनी कापूस भिजवून त्यांच्या ओठांत धरला. लेकरानं चोखावा तसा त्यांनी तो चोखला. बाई कापूस पुन्हा पुन्हा भिजवत राहिल्या. पाणी गिळताना आप्पासाहेबांनी त्यांचं मनगट धरलं, आणि ते धरलेलं असतानाच ते गेले.

आवडाबाई परत आल्या, मागोमाग मी आणि सारजाबाईंनी गल्लीतल्या पोराला धाडून बोलावलेले डॉक्टर. रडारड सुरू झाली. मग आवडाबाईंची नजर वाटीतल्या ओल्या कापसावर गेली आणि त्यांचं रडू थांबलं.

"पाणी कोणी दिलं?"

"मी दिलं. त्यांनी मागितलं," सारजाबाई म्हणाल्या.

आवडाबाई मटकन खाली बसल्या. नवरा गेला त्याहून मोठं काही घडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात डॉक्टर पुढं झाले. गेली वीस वर्षं ज्यांच्या शब्दावर आम्ही गोळ्या गिळत आलो, ते डॉक्टर.

"नाही, आवडाबाई. आप्पासाहेब आधीच गेले होते. पाणी आत गेलेलं नाही."

सुनेनं सुस्कारा सोडला. बाहेर ओट्यावर डॉक्टरांनी सारजाबाईंना हळू आवाजात समजावलं की गावात वातावरण तापलंय, आजच्या दिवस माझ्या म्हणण्याला हो म्हणा, म्हणजे तुमचंही काम चालू राहील. बाई आत गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी दिलं. ते पेले." पिशवी उचलली आणि बजाजनगरची वाट पायी धरली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. संध्याकाळी पुंजाराम पोचल्यावर मेलेल्या तोंडात गोमूत्र ओतलं, मग त्याच्या हातून गंगाजल. तेराव्याला डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडं वैद्याचा सत्कार होतो आणि नर्स मरते. डॉक्टरांनी सारजाबाईंना पुन्हा बोलावलं नाही. त्या बजाजनगरातच कामगारांचे म्हातारे-म्हाताऱ्या सांभाळत राहिल्या, हात थरथरायला लागेपर्यंत.

पुंजाराम दर श्राद्धाला पाहुण्यांना सांगतो की बाप पाण्याच्या थेंबावाचून गेला. बाप तहानलेला गेला हे त्याला सोसतं. मी एकदा संतापून हे सारं सारजाबाईंच्या कानावर घातलं. त्या अंथरुणावर पडून होत्या, भाची त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होती.

"सांगू दे त्याला," त्या म्हणाल्या. "आप्पासाहेब मला 'अजून दे' म्हणले व्हते."