बाबांचा अर्धा मिनिट

जर्मनीतल्या गार्चिंगच्या वाशसालोनमध्ये, म्हणजे पैसे टाकून कपडे धुण्याच्या दुकानात, एक आयरिश मुलगी दर शनिवारी भेटायची. कपडे मशीनमध्ये टाकले की मांडीवरच्या लॅपटॉपवर आयर्लंडमधल्या आपल्या रग्बी संघाची मॅच लावायची आणि वडिलांना फोन करायची. तेही तिकडे घरी तीच मॅच बघत असायचे. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, मी तिच्याकडेच बघत बसायचे. फोन कानाला, पण बोलणं नाहीच.

एकदा विचारलंच. "बाबांच्या टीव्हीवर अर्धा मिनिट आधी दिसतं," ती म्हणाली. "मी ओरडेपर्यंत ते गप्प राहतात."

सीझनची शेवटची मॅच संघ अगदी शेवटच्या क्षणी हरला. ती मात्र मोज्यांच्या जोड्या लावत हसत होती.

"त्यांना आधीच कळलं होतं," ती म्हणाली, "तरी अर्धा मिनिट त्यांनी मला जिंकू दिलं."